ऑलसॉपबाईंचं लिनोलियम

आमच्या कुरंबीन गावात पैसे टाकले की काय वाट्टेल ते मिळायचं. खाटीक मटण घरपोच पाठवायचा, पाववाल्याची घोडागाडी दारात उभी राहायची, आणि सिडनीच्या फॅशनच्या टोप्या वर्षभर उशिरा का होईना, पण मुख्य रस्त्यावरच्या दुकानात यायच्या. मिळायचं नाही ते फक्त भाड्याचं घर. युद्धाच्या दिवसांत सरकारनं घरभाडी गोठवली, ती युद्ध संपून सात वर्षं झाली तरी तशीच. भाडेकरूला कोणी बाहेर काढू शकत नव्हतं, आणि एवढ्या स्वस्तातलं घर तो स्वतःहून कशाला सोडतोय? निघायचा तो आडवा होऊनच. म्हणून आमच्याकडे मयताच्या चहाला माणसं हातात सँडविच धरून छताकडे बघत उभी असायची. परक्याला वाटावं, प्रार्थना करताहेत. ती खोल्या मोजत असायची.

मीही मोजायचे, लाज कसली त्यात. लग्न झाल्यापासून चार वर्षं मी सासूच्या घरी मागच्या व्हरांड्यात राहत होते. व्हरांड्याला तीन बाजूंनी ताडपत्रीचे पडदे ठोकले की आमच्याकडे त्याला खोली म्हणतात. त्यात आमचा पलंग, लोइसचा पाळणा आणि जुलैच्या ऐन हिवाळ्यातला वारा, इतके सगळे आम्ही एकत्र झोपायचो. आता दुसरं येऊ घातलं होतं आणि दुसऱ्या पाळण्याला जागा नव्हती. ऑगस्टच्या आत आपलं घर पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. ते नाही झालं तर मी सासूच्या स्वयंपाकघरात काहीतरी करून बसेन, अशी मला खरीच भीती वाटायची.

सासू वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती आवाज चढवत नसे. मी चुलीवर किटली ठेवली की मागून येऊन म्हणायची, "आमच्याकडे किटली अशी ठेवत नाहीत, थेल्मा. तोंड भिंतीकडे." मग मी तोंड भिंतीकडे करायचे. टॉवेल, बटाट्याची सालं, दाराची कडी, प्रत्येक गोष्टीची तिच्याकडे एक रीत होती आणि प्रत्येक रीत 'आमच्याकडे'पासून सुरू व्हायची. चार वर्षं झाली, पण त्या 'आमच्या'त मी काही आले नाही. आणि माझा नवरा क्लॅरी? तो धान्याच्या वखारीत गव्हाची पोती उचलायचा, घरी येऊन तोंडात गुळणी धरून बसायचा. आईपुढेही आणि माझ्यापुढेही.

भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या ऑलसॉपबाई गाव सोडून जाणार, हे मला खाटकाकडे कळलं. तिथे त्या नेहमी मटणाचा एकच चॉप घ्यायच्या. त्या दिवशी खाटकाला सांगत होत्या, की या महिन्यानंतर माझं नाव यादीतून काढ, मी किनाऱ्यावर मुलीकडे कायमची चालले. माझ्यामागे तीन बायका उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात उजेड पडायच्या आत मी माझं मटण तिथेच टाकलं आणि पोट सांभाळत हॅड्रिकचं ऑफिस गाठलं.

हॅड्रिक गावचा दलाल. मेंढ्या, जमिनी, विमा, लिलाव, सगळं त्याच्याच हातून व्हायचं आणि भाड्याची घरंही. ऑलसॉपबाईंच्या घराची मालकीण सिडनीत राहायची, तिनं ते कित्येक वर्षांत बघितलंही नव्हतं. हॅड्रिकनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भाडं आहे तेच राहील, मिसेस विगन. मालकीणबाईंची काही हरकत नसते. तुम्ही फक्त ऑलसॉपबाईंशी सामानाचं बघून घ्या."

त्याचा अर्थ गावात शेंबड्या पोराला कळायचा. पागडी घेणं हा गुन्हा होता, तुरुंगात टाकायचे. सामान विकणं हा गुन्हा नव्हता. म्हणून जाणारा भाडेकरू येणाऱ्याला आपलं मोडकं सामान विकायचा, आणि सामानाची किंमत घराच्या किल्लीइतकी असायची. तुटक्या खुर्चीच्या नावाखाली लोकांनी गाय येईल एवढे पैसे मोजले होते. बोलायचं कोणी नाही. सगळे शहाणे होते.

ऑलसॉपबाईंनी मला घर दाखवलं. लाकडी फळ्यांचं, चार खोल्यांचं, मागे बंदिस्त व्हरांडा, पुढे सुकलेले गुलाब. मी घर बघत होते आणि त्या सामान दाखवत होत्या. लोखंडी पलंग. न लागणाऱ्या दाराचं कपाट. जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या, त्यातली एक भिंतीला टेकवून ठेवलेली. पडदे. मटण ठेवायचं जाळीचं कपाट. आणि घरभर जमिनीवर अंथरलेलं, जाड मेणकापडासारखं तपकिरी लिनोलियम, चुलीपुढे आणि मोरीपुढे पार झिजून गेलेलं.

"चांगलं वापरलंय हो मी," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं."

"दिसतंय," मी म्हणाले.

त्यांनी ऐंशी पौंड सांगितले. लिलावात त्या सगळ्याचे पंधराही आले नसते. ऐंशी पौंड म्हणजे आमच्या फ्रिजसाठी साठवलेले होते नव्हते ते सगळे. क्लॅरी म्हणाला, जरा विचार करू. मी म्हटलं, तू विचार कर, मी पैसे देऊन येते. त्यांनी पावती लिहून दिली: घरातलं सर्व सामान लिनोलियमसह विकलं, रक्कम पोचली. घराचा त्यात शब्दही नव्हता, नसायलाच हवा होता. एप्रिलअखेर जाते, असं त्या तोंडी म्हणाल्या. मी घरी येऊन सासूला सांगितलं, आणि त्या संध्याकाळी किटली मुद्दाम तोंड खोलीकडे करून ठेवली.

एप्रिल संपला. ऑलसॉपबाईंना सर्दी झाली होती, सर्दीत प्रवास कसा करणार? मी सूप नेऊन दिलं. मे महिन्यात किनाऱ्याकडचा रस्ता पुरानं तुटला. तो जोडला गेला तेव्हा जावयाला सुट्टी नव्हती. जूनमध्ये त्या म्हणाल्या, थंडी जरा सरू दे बाळ, म्हातारी हाडं आहेत. दर वेळी मला माझ्याच खुर्चीवर बसवून चहा द्यायच्या. माझ्याच टेबलावर कोपरं टेकून मी तो प्यायचे आणि माझ्याच लिनोलियमवरून चालत परत व्हरांड्यात झोपायला जायचे.

तक्रार करायची तर कुणाकडे? हॅड्रिकला सांगितलं तर तो म्हणाला, त्या भाडेकरू आहेत, भाडं वेळेवर देतात, मी त्यांना काढू शकत नाही. मग मी काय करू, असं विचारलं.

"तुम्ही कसली खरेदी केली होती, मिसेस विगन? सामानाची ना? सामानाबद्दल काही तक्रार आहे का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पोलिसाकडे जावं तर आधी मीच पागडी दिली म्हणून सांगावं लागणार. गावात बोलावं तर लोक हसणार, आणि ते हसतच होते. खाटकाकडे एका बाईनं मला विचारलं, नव्या घराचे पडदे कसे आहेत गं?

जुलैच्या एका शनिवारी सकाळी सासू पाव कापत होती. ती शांतपणे म्हणाली, "लोक स्वतःच्या पायाखाली लिनोलियम घालतात. थेल्मानं दुसऱ्याच्या पायाखाली घातलं." क्लॅरी हसला. त्याला वाटलं विनोद आहे. तो विनोदच होता, म्हणून तर माझं डोकं फिरलं.

मी त्याला म्हणाले, "वखारीचा ट्रक आण."

"कशाला?"

"सामान विकत घेतलंय ना? ते आणायला."

तो म्हणाला, थेल, असं कोणी करत नाही. खरंच कोणी करत नव्हतं. गावात इतकी घरं अशी हातोहात गेली, पण ती पावती खरी मानून कोणी सामान उचलायला गेलं नव्हतं. म्हणूनच मला जायचं होतं. टेबल गेलं, पलंग गेला की बघू कशी राहते म्हातारी, असं मी त्याला सरळ सांगितलं. आठव्या महिन्यातल्या बाईशी वाद घालायची त्याची छाती नव्हती. दुपारी दुकानं बंद झाली आणि सगळा गाव फुटबॉल बघायला मैदानावर गेला, तेव्हा आम्ही ट्रक घेऊन ऑलसॉपबाईंच्या दारात उभे राहिलो.

मला वाटलं होतं त्या आरडाओरडा करतील. माझी वाक्यं तयार होती. त्यांनी दार उघडलं, ट्रक बघितला, आणि बाजूला झाल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या, "तुझंच आहे."

क्लॅरीनं खुर्च्या नेल्या, टेबल नेलं, पलंग सुटा करून नेला. कपाटातले कपडे ऑलसॉपबाईंनी स्वतः काढून जमिनीवर ठेवले. पडदे काढताना त्या मला म्हणाल्या, तू स्टुलावर चढू नकोस, आणि स्वतः चढल्या. मग क्लॅरीनं लिनोलियम उचकटायला घेतलं. त्याच्याखाली वर्तमानपत्रं अंथरलेली होती, पिवळी पडलेली. घर एकदम मोठं आणि थंड झालं. त्या एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या. ती ट्रंक मला दाखवलेल्या सामानात नव्हती.

"आता तरी जा ना मुलीकडे," मी म्हणाले. मला ओरडायचं होतं, पण रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच नको इतका घुमला.

"कुठे जाऊ?" त्या म्हणाल्या. "तीच नवऱ्याच्या आईकडे राहते. मागच्या व्हरांड्यात. मला तिथेच एक कॉट टाकणार होते. मेमध्ये तिचा दीर आला, त्याला दिली ती जागा. तुझे पैसे मी तिला आधीच पाठवून बसले होते, तिथल्या घराच्या सामानासाठी. ते घर काही मिळालं नाही. रोज म्हणत होते, तुला सांगेन. तू सूप घेऊन यायचीस, मग सांगवायचं नाही."

मला त्यांची कीव आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला, आणि तो कुठे ठेवावा हे कळेना. त्यांच्यावर ठेवावा तर त्या ट्रंकेवर बसलेल्या. त्यांच्या मुलीवर ठेवावा तर तीही व्हरांड्यात. फाटकाशी क्लॅरी उभा होता, लिनोलियमची गुंडाळी खांद्यावर घेऊन.

"थेल," तो म्हणाला, "हे न्यायचं कुठे?"

याचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या व्हरांड्यात पाळणा मावत नव्हता, तिथे सहा खुर्च्यांचं टेबल काय मावणार? सासू अंगणात दोरीही बांधू देत नव्हती. ट्रकभर सामान होतं आणि घर नव्हतं. इथे घर होतं आणि त्यात बसायला खुर्ची नव्हती. मी पायरीवर बसले आणि रडले. दुःखानं नव्हे, निव्वळ वैतागानं.

मग मी उठले आणि क्लॅरीला म्हणाले, "उतरव सगळं. आत घे. आणि आईंकडे जाऊन आपलंही सामान घेऊन ये. पाळणा आधी."

"अगं, पण ऑलसॉपबाई?"

"त्या राहतील. मागे व्हरांडा आहे."

ऑलसॉपबाईंनी माझ्याकडे बघितलं. "बरं, बाळ," एवढंच म्हणाल्या आणि आपले कपडे उचलून मागे घेऊन गेल्या.

हॅड्रिकनं खिडकीबाहेर बघणं पसंत केलं. भाडं अजून ऑलसॉपबाईंच्याच नावानं भरलं जातं, पैसे आमचे. गावाला त्या सांगतात, मी घरात लेकुरवाळं बिऱ्हाड ठेवलंय, सोबत होते. सांगेनात का. पुढच्या खोलीत माझे पडदे आहेत, मधल्या खोलीत दोन पाळणे आहेत. सासू एकदा येऊन गेली. तिनं लिनोलियमकडे बघितलं आणि झिजलंय म्हणाली. तेवढ्यासाठीसुद्धा ऐंशी पौंड वसूल झाले असं मला वाटलं.

धाकटा दीड महिन्याचा असेल तेव्हाची गोष्ट. सोमवार होता, धुण्याचा दिवस. हंड्याखाली जाळ घालून माझे हात सोलवटले होते, बाळ रडत होतं, लोइस चुलीपाशी घुटमळत होती. ऑलसॉपबाई चहा करायला आत आल्या. बावीस वर्षं ठेवत आल्या होत्या तशी किटली त्यांनी चुलीवर ठेवली, तोंड खोलीकडे करून.

मी एकदा बघितलं आणि पाठमोरी झाले. आवाजही चढवला नाही.

"आमच्याकडे किटली अशी ठेवत नाहीत, ऑलसॉपबाई. तोंड भिंतीकडे."

मग किटली फिरवल्याचा आवाज आला.

"बरं, बाळ," त्या म्हणाल्या आणि चहा न घेताच मागे व्हरांड्यात गेल्या. जाताना दार त्यांनी हळूच लोटून घेतलं. चार वर्षं मीही तसंच लोटून घेत होते.