रेघ उमटलीच नाही

पद्मजाबाईंनी ती अळंबी विकत घेतली तीच मुळी संशयानं. गुरुग्रामच्या एका दुकानात नीरजाच्या नावाचं पाकीट दिसलं, ‘भर उन्हाळ्यात उगवणारी धिंगरी’. बाईंनी ते दोनदा उलटून पाहिलं. असली धिंगरी साऱ्या मुलखात एकच होती, आणि ती मानेसरजवळच्या एका वठलेल्या किकरावरून, म्हणजे तिकडच्या बाभळीवरून, त्यांनी स्वतः, काटे टोचून घेत आणली होती. नीरजा त्यांचीच विद्यार्थिनी. लातूरहून कलेक्टर व्हायला दिल्लीला आलेली, परीक्षेत आपटलेली पोर. तिला हाताशी धरून आपल्या लॅबमध्ये बुरशी ओळखायला शिकवली, आणि हिनं खाल्ल्या घरचे वासे मोजले!

बाई तशा न्यायी. पुराव्याशिवाय बोट दाखवायचं नाही. त्यांनी पाकिटातल्या अळंबीचा कण आणि आपल्या बुरशीचा कण काचेच्या एकाच बशीत समोरासमोर लावला. परक्या बुरशा भेटल्या की मध्ये काळपट रेघ उमटते. एकाच वाणाच्या असल्या तर निमूट एकजीव होतात. काही दिवसांनी बशी उजेडात धरली, तर रेघ नावाला नव्हती. बाईंना आनंद झाला, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली.

वार्षिक बुरशी परिषद यंदा गुरुग्रामलाच होती. तिथे नीरजा लांबूनच हसली. चहाच्या वेळीही जवळ आली नाही. खांद्यावरची पिशवी तर क्षणभर खाली ठेवेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं बाईंनी ठरवूनच टाकलं आणि परिषदेचे सचिव दिनकरराव यांना कोपऱ्यात गाठून बशी दाखवली.

“चोरी आहे ही. बिल्कुल चोरी.”

“अच्छा? मग तिचं भाषण थांबवतो. तुमचं नाव कुठे येणार नाही, मॅडम.”

हे शेवटचं वाक्य बाईंना फार आवडलं.

दुपारी दारावरच्या फलकावर नीरजाच्या नावावर कोरा कागद चिकटला होता. ती रडवेल्या चेहऱ्यानं थेट बाईंकडे आली.

“मॅडम, कुणीतरी सचिवांना सांगितलं की मी वाण चोरला. तुम्हीच बोला ना त्यांच्याशी! माझं भाषण तर तुमच्या ओटीपासून सुरू होणार होतं.”

“माझ्या ओटीपासून?”

“लॅब सोडताना भरली होतीत ना? तांदूळ, नारळ, खण, आणि परीक्षानळी. माहेरचं विरजण असू दे, म्हणालात.”

बाईंना आठवलं. लॅब सोडणाऱ्या प्रत्येक मुलीची त्या अशीच ओटी भरत आणि हाताला येईल ती बुरशीची नळी नारळाशेजारी ठेवत. कुणाच्या ओटीत काय गेलं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

नीरजानं पिशवीतून खणात गुंडाळलेली नळी काढली. “तुमच्याकडची बुरशी थकलीय, अळंबी धरत नाही असं कळलं. म्हणून ताजी आणली. भाषणात सगळ्यांसमोर द्यायची होती, म्हणून सकाळपासून तुम्हाला टाळत होते.” तिनं डोळे पुसले. “माझ्यावर एवढा राग कुणाचा असेल हो, मॅडम?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. त्यांनी नीरजाचं मनगट धरलं आणि दिनकररावांच्या टेबलाकडे चालू लागल्या.

“चल. तिथेच सांगते, त्यांच्यासमोर. दोनदा सांगायचं धाडस माझ्यात नाही.”