चार फुलपात्रे पाणी

मित्रांनो, मी पितळेचे एक जुने फुलपात्र आहे. राजाबाईच्या लग्नात तिच्या मामाने मला आहेर म्हणून दिले. सिल्लोडकडच्या माळावर या घराच्या मेंढ्या चरत, तेव्हा मीही त्यांच्यामागे रानोरान हिंडले. तहानलेल्या वाटसरूला कुणी माझ्यातून पाणी नाकारले नाही.

पुढे राजाबाईचा नवरा सोनाजी याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा त्याला शहरात डायलिसिसला न्यावे लागे. तिथल्या नर्सने मला हातात धरून सांगितले, "मावशी, दिवसाला अशी चार. चहासुद्धा यातच धरायचा."

राजाबाईने ते पाळले. ऐन वैशाखात तीही माझ्यातून चारच वेळा पिई.

"माझ्या मेंढ्याबी मोजून पीत नव्हत्या," सोनाजी म्हणे.

"मेंढ्यांना डॉक्टर नव्हता," ती म्हणे.

मग सोनाजीची थोरली बहीण म्हाळसाबाई राहायला आली. राजाबाई वैरणीला गेली की ती भावासाठी तांब्याभर ताक आणी.

"पी बाबा. ताक कुठं पाणी असतं? अन् तिला सांगू नको, लई तोंड वाजवती."

सोनाजी पिई. मी कोनाड्यातून पाहत असे. मला मोजता येते, बोलता येत नाही.

त्याचे पाय सुजले. नर्स राजाबाईलाच रागावली. घाबरून तिने चाराची तीन फुलपात्रे केली. त्याची तहान वाढली, आणि ताकही वाढले.

एका पहाटे त्याला श्वास घेता येईना. जीप शहराच्या तोंडाशी हर्सूलपर्यंत पोहोचली, आणि तिथेच तो गेला.

माणसे जमली. "पाण्यावाचून मारला माझा भाऊ," म्हाळसाबाई येईल त्याला सांगत होती. राजाबाईला खाटेखाली तांब्या सापडला. तळाला ताक वाळले होते.

"आक्का, हे काय?"

"ताक हाय. मी तरी त्याला तहानेला ठेवला नाय."

राजाबाईने तांब्या घासून पालथा घातला.

मित्रांनो, घरात असा आजारी असेल तर त्याचे पाणी एकट्या माणसाला मोजायला लावू नका. चहा, ताक, कढी, टरबूज, सगळे पाणीच आहे. माया करायची असेल, तर जो मोजतो त्याला आधी विचारा.

सोनाजीच्या नावाने लावलेल्या दिव्याशेजारी दहा दिवस मला काठोकाठ भरून ठेवले होते. पाणी जरा कमी झाले की म्हाळसाबाई वरून ओतत होती. तिला कुणी अडवले नाही.