धुण्याच्या खोलीतली जोडी

"जिथं दोघांपैकी एकाचाही पाय पडलेला नाही अशी जागा बघा. ती स्वच्छ धुऊन घ्या, आणि मगच त्यांना समोरासमोर सोडा."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं हे सांगणं येन्नेकेनं मनात नीट जपून ठेवलं होतं. घराच्या मागच्या अंगाला कपडे धुण्याची लहानशी खोली होती. तिथं सशांनी कधी तोंडही घातलं नव्हतं. तीच तिनं ठरवली. आणि धुण्याच्या बाबतीत तर तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाखालच्या त्या गावात शनिवारी दारापुढची वाटसुद्धा ब्रशनं घासून निघायची.

बोंता ही तिची स्वतःची सशीण, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची. स्नोर हा ससा तिच्या थोरल्या भावाचा, हारमेनदादाचा. दादानं लग्न केलं नाही, सशांच्या सोबतीतच त्याचं आयुष्य गेलं. आधी गुडघे गेले, मग डोळे अधू झाले, तेव्हा त्याला शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमात जावं लागलं. बाकीचे ससे लोकांनी आनंदानं नेले. स्नोर वयानं पोक्त, एका कानाला चीर पडलेली. तो कुणालाच नको होता. म्हणून तो येन्नेकेकडे आला.

दोघांचीही नसबंदी झाली. ऑपरेशन झालं तरी नराच्या अंगातली खुमखुमी उतरायला काही आठवडे जातात, म्हणून तेवढे दिवस दोघं शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत राहिली. टाक्यांवर केस उगवले. मग तिनं त्यांची गाठ घालून द्यायला घेतली.

गाठ कसली, रोजची मारामारी. खोलीत सोडलं की स्नोर भिंतीकडेनं हुंगत फिरायचा, कोपऱ्याकोपऱ्यात हनुवटी घासायचा, लघवीची चिळकांडी उडवायचा. बोंता तेच करत त्याच्या मागून यायची. मग दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड नेऊन गरगर फिरायची आणि केसांचे पुंजके उडायचे. येन्नेके जाड हातमोजे घालून त्यांना सोडवायची, आपापल्या पिंजऱ्यात ठेवायची आणि सगळी खोली व्हिनेगरच्या पाण्यानं घासून काढायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

शेजारचे वाउट कुंपणावरून हे बघायचे. ते दक्षिणेकडचे. लग्न करून या गावात आले, बायको वारली तरी इथंच राहिले, आणि चर्चच्या दारात मात्र कधी दिसले नाहीत.

"येन्नेकेबाई, नाताळ जवळ आलाय," ते म्हणायचे. "माझी आई सशाला आलुबुखारे घालून असा शिजवायची, काय सांगू."

"मग आईकडेच जा जेवायला."

"ती वर गेली हो."

"तर थोडं थांबावं लागेल तुम्हाला. तिकडे आलुबुखारे मिळतात का ते मात्र विचारून ठेवा."

येन्नेके हसली नाही, पण वाउट हसले.

हसण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. स्नोरचं खाणं निम्म्यावर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपून सांगितलं, "हा खंगतोय. याला सोबत हवी. बोंताशी जमत नसेल तर टाकून दिलेले ससे सांभाळणारी एक संस्था आहे. तिथं एक शांत मादी आहे, याच्या वयाची, तिच्यासोबत ते याला ठेवून घेतील. सोमवारी दुपारपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायला हवं."

शनिवारी संध्याकाळी तिनं दोघांना पुन्हा सोडलं. पुन्हा झटापट झाली, पुन्हा सोडवावं लागलं. बोंताच्या नाकावर ओरखडा उमटला होता. त्यांना पिंजऱ्यात ठेवून ती बादली उचलते आहे, तोच फोन वाजला.

"आमचा म्हातारा स्नोर काय म्हणतो?" हारमेनदादानं विचारलं.

"बरा आहे." ती खोकली.

"येन, लहानपणी दूध सांडलं की तू अशीच खोकायचीस. बोल."

तिनं सगळं सांगितलं, त्या संस्थेचंही. पलीकडे कुणाच्या तरी खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"तिथं चांगलं बघत असतील," दादा म्हणाला. "इथंही चांगलंच बघतात."

येन्नेकेनं हातातली बादली खाली ठेवली.

"त्याला नेतील तेव्हा मला कळव. म्हणजे मी उगीच वाट बघणार नाही."

"दादा, सोमवारी सकाळी मी त्याला तुझ्याकडे घेऊन येते. पुढं कुठंही जायचा असला तरी आधी तुझ्या मांडीवर बसेल."

"थंडी आहे. सायकलवर कुठं आणतेस?"

"आणते म्हटलं ना."

बोलणं लांबलं. फोन ठेवता ठेवता चर्चची घंटा झाली. शनिवारची ती घंटा म्हणजे रविवारच्या विश्रांतीची वर्दी. ती झाली की बापाच्या घरी कुणी बादलीला हात लावत नसे, आणि बाप जाऊन इतकी वर्षं झाली तरी तीही लावत नसे. उद्याचे बटाटेसुद्धा सोलून पाण्यात ठेवलेले होते. तिनं धुण्याच्या खोलीत एकदा डोकावून पाहिलं. लघवीची थारोळी, लेंड्या, केस. तिला अगदी ओशाळल्यासारखं झालं. पण प्रभूचा दिवस दाराशी आला होता. तिनं दार ओढून घेतलं.

रविवारी सकाळची उपासना झाली, जेवण झालं. आदल्या दिवशी सोललेले बटाटे नुसते उकडून तिनं त्यांवर रस्सा ओतून घेतला. सशांना वैरण घालायला रविवारीही हरकत नसते. जनावराला उपाशी ठेवणं हे पापच. दोन जिवांना एका खोलीत बसू देणं हे काम म्हणायचं का, यावर मात्र ती बराच वेळ खुर्चीत विचार करत बसली. सशांसाठी देवाकडे काही मागायला संकोच वाटत होता, तरी तिनं डोळे मिटून मागितलं. मग उठून दोघांना त्या घाणेरड्या खोलीत सोडलं आणि हातमोजे घालून दाराशी उभी राहिली.

स्नोर एका कोपऱ्याशी गेला, हुंगला, आणि पुढं झाला. दुसरा कोपराही त्यानं नुसता हुंगला. बोंतानंही तेच केलं. जणू काल अर्धवट राहिलेलं बोलणं दोघांच्या लक्षात होतं. मग बोंता पुढं आली आणि त्याच्यासमोर मान खाली घालून जमिनीला चिकटून बसली. स्नोर कितीतरी वेळ दुसरीकडेच बघत राहिला. शेवटी त्यानं तिच्या कपाळावर जीभ फिरवली. एकदा, मग पुन्हा.

येन्नेकेनं श्वाससुद्धा जपून सोडला.

पण दुपारच्या उपासनेची वेळ होत आली होती. आता वेगळं करावं तर जमलेलं मोडायचं, एकटं सोडावं तर जीव धजेना. ती काळी टोपी घालून कुंपणाशी गेली.

"वाउट, मी चर्चमधून येईपर्यंत सशांपाशी बसाल?"

"रविवारी कामाला लावताय मला? तुमचा देव काय म्हणेल?"

"तुम्हाला नुसतं बसायचंय. काही करायचं नाही. ते तुम्हाला चांगलं जमतं."

वाउट बादली उपडी घालून तिच्यावर बसले. तिनं हातमोजे त्यांच्या मांडीवर ठेवले.

प्रवचनात तिचं लक्ष लागलं नाही, आणि त्याबद्दल तिनं तिथंच क्षमा मागितली. परत आली तेव्हा वाउट दबक्या आवाजात म्हणाले, "हळू. झोपलीत."

दोघं एकाच कोपऱ्यात, अंगाला अंग लावून पडली होती. वैरणीचं भांडं रिकामं होतं.

"कुणी खाल्लं?"

"दोघांनी. मी नाही."

रात्रीही तिनं त्यांना वेगळं केलं नाही. सोमवारी सकाळी दोघं तशीच होती. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं, शनिवारी न धुतलेल्या खोलीचंही.

"रोज धूत होतात खोली?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात."

"सुरुवातीला हो, येन्नेकेबाई. एकदाच. रोज धुतलीत म्हणजे त्यांच्यासाठी ती रोज नवी, बिनमालकीची जागा. रोज नव्यानं हक्क सांगायचा, म्हणजे रोज भांडण. आता आठवडाभर तरी फरशी घासू नका. त्या संस्थेला मी नाही म्हणून कळवते."

"आठवडाभर?"

"जमेल ना?"

"जमवीन," येन्नेके म्हणाली. ते तिला खरोखरच जड जाणार होतं. "आणि स्नोरला आज बाहेर न्यायचंय."

"मग दोघांना न्या, एकाच पेटीत. एकट्याला नेलंत तर परत आल्यावर परक्या वासामुळे ती त्याला ओळखायची नाही."

येन्नेकेनं पेटीत गवत पसरलं, दोघांना आत ठेवलं, वरून लोकरीची शाल टाकली आणि पेटी सायकलच्या मागं पट्ट्यानं आवळून बांधली. बांधावर वारा होता. वाउट खिडकीशी उभे होते. त्यांना तिनं मानेनंच नमस्कार केला आणि वृद्धाश्रमाच्या दिशेनं हळूहळू पायडल मारायला सुरुवात केली.