लेझरला न दिसणारा केस

फेर्मिन बुसानिचच्या डाव्या हातावर लेझरचे चार फेरे झाले, तेव्हा डॉक्टर इरुपे सानोत्तींच्या ध्यानात आले की काळे केस गेले आहेत आणि पांढरे जिथल्या तिथे आहेत. दोष यंत्राचा नव्हता. लेझर केसातला काळा रंग हेरतो. रंगच नसेल तर त्याच्या लेखी केसही नसतो. मुलगी म्हणून वाढवलेल्या, पुरुष म्हणून जगणाऱ्या फेर्मिनने सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशनच्या यादीत नाव घातले, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि हातावरचे केस काळेभोर होते. पाळी यायला नऊ वर्षे लागली.

"म्हणजे वाट बघून म्हातारा झालो, म्हणून रद्द?" बंदरावर क्रेन चालवणाऱ्या फेर्मिनने विचारले.

"रद्द नाही. पण याच कातडीची नळी करून तुझं लिंग घडवायचंय. आत केस राहिला तर लघवीच्या वाटेत खडे धरतात. हात साफ असल्याचा दाखला मी द्यायचा. वीस नोव्हेंबरला तो नसेल, तर ऑपरेशनचं टेबल पुढच्या माणसाला."

"आणि मी?"

"यादीच्या शेवटी."

फेर्मिनने बाही खाली केली. "मग देल्मिरामावशीकडे जातो."

देल्मिरा ओव्हिएदो एकोणऐंशी वर्षांची होती. मुलगा म्हणून वाढवलेल्या, बाई म्हणून जगणाऱ्या स्वतःसारख्या कितीतरी जणींच्या दाढ्या तिने चाळीस वर्षे विजेच्या सुईने काढल्या होत्या, एकेक केस मुळाशी जाळून. सुईला रंगाशी देणेघेणे नसते. इरुपे खात्री करायला सोबत गेल्या आणि पहिल्याच नजरेत त्यांना तिच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू दिसला.

"तुम्हांला दिसतं का?"

"तुझ्या यंत्राला तरी कुठे दिसतं, पोरी?" देल्मिराने नळीने येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा घोट ओढला आणि भांडे त्यांच्या हाती दिले. "मूळ बोटाला लागतं. डोळे मध्ये लुडबुड करतात."

इरुपेंनी या वाक्याला पुरावा मानले नाही. त्यांनी फेर्मिनच्या हातावरच्या चाळीस केसांची चाचणी ठरवली: सुईने मूळ मेले असेल तर चिमट्यात केस विनासायास येतो, जिवंत असेल तर ओढ जाणवते. एकोणचाळीस विनासायास आले.

"चाळिसावा?"

"तेव्हा तुझा धक्का लागला होता माझ्या कोपराला."

लागला होता. इरुपेंना ते आठवले.

मार्चपासून दर सोमवारी काम चालले, कारण सगळी मुळे एका वेळी जागी नसतात. झोपलेली उठेपर्यंत थांबावे लागते.

"मावशी, तुम्ही स्वतः कधी नाही केलंत ऑपरेशन?" एकदा फेर्मिनने विचारले.

"माझ्या वेळी ते करणारा डॉक्टर तुरुंगात जायचा. हात हलवू नकोस, गाढवा."

तीस ऑक्टोबरला इरुपेंनी चाळीस पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली हात मनगटापासून कोपरापर्यंत तीनदा तपासला. एकही केस नव्हता. त्यांनी पेन काढले. देल्मिराने डोळे मिटून हातावरून बोट फिरवले.

"थांब. इथे एक आहे."

इरुपेंनी पुन्हा पाहिले. गुळगुळीत कातडी.

"मावशी, होऊ दे ना सही!" फेर्मिन कळवळला. "तीनच आठवडे उरलेत!"

"होऊ दे की. खडा तुला होईल, मला नाही."

"दुसरीकडे कुठे?" इरुपेंनी विचारले.

"कुठेच नाही."

भाकीत पुरेसे नेमके होते. खोटे पडू शकत होते. इरुपेंनी पेन दाखल्याऐवजी कातडीवर टेकवून निळा ठिपका काढला. ठिपका पुसू नये म्हणून फेर्मिन रोज बंदरावरच्या न्हाणीत हातावर पिशवी बांधून अंघोळ करू लागला आणि क्रेनवरचे सोबती विचारत, "काय रे, पिशवीत पाव झाकून ठेवलायस का?"

अकराव्या दिवशी निळ्या ठिपक्याच्या बरोबर मध्यातून पांढरे टोक वर आले. भिंगाखाली ते पहाटेच्या हिमासारखे चमकत होते. बाकी हात कोरा होता. कातडीखाली केस उगवताना मूळ किंचित फुगते, फुगवटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी, आणि सरावलेले बोट तेवढे ओळखू शकते, असा हिशोब इरुपेंनी मनात मांडला. हिशोब बरोबर होता. तरीही त्यांच्या मानेवरचा काटा खाली बसेना.

देल्मिराने सुई लावली. चार सेकंद. केस विनासायास आला.

फेर्मिन रडत होता आणि हात मात्र अजिबात हलवत नव्हता.

इरुपेंनी दाखल्यावर सही केली. 'तपासणीचे साधन' या रकान्यात वर्षानुवर्षे त्या भिंगाची शक्ती लिहीत आल्या होत्या. ती लिहून झाल्यावर त्यांनी खाली आणखी एक ओळ जोडली: देल्मिरा ओव्हिएदो यांच्या उजव्या हाताची तर्जनी.