माझी पाठ कुणी पाहिलीच नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगून टाकते, माझ्या अंगावर हातात दिवा घेतलेले एक संत आहेत. रंगाचा थेंबही नाही हं! तापलेल्या सळईने लाकूड भाजत भाजत काढलेलं चित्र आहे ते. संतांची दाढी काढताना मला किती चटके बसले असतील, तुम्हीच विचार करा. पण मी कधी कुरकुर केली नाही.

मला घडवणारा माणूस एकाच खोलीत राहायचा आणि तिथेच काम करायचा. शेगडीत त्याच्या चार सळया तापत असायच्या. सळई किती तापली आहे, हे तो आधी माझ्या पाठीवर एक रेघ ओढून पाही आणि मगच मला उलटवून चित्राला हात लावी. त्याच्या मांडीवर त्याची आईविना पोर बसलेली असायची. तिला नुकतंच पाचवं वर्ष लागलं होतं. एक रेघ तो ओढायचा, मग तिच्या हाताखाली हात धरून तिला एक ओढू द्यायचा. एकदा काय झालं, रेघ ओढता ओढता सळईच्या टोकावर काजळी दिसली आणि ती पुसायला पोरीने अंगठा लावला. चर्रकन आवाज आला! पोर रडली त्याहून जास्त तो रडला. तिचा अंगठा पाण्यात धरून बसला बिचारा. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बाबा, आता माझी पाळी."

पुढे त्याचा खोकला वाढला. आपण फार दिवस काढत नाही, हे त्याला कळून चुकलं. त्याने पोरीला अनाथालयात नेलं, मला तिच्या काखेत दिलं, आणि मागे वळून न बघता तो निघून गेला. वळला असता तर त्याला जाता आलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

अनाथालयाच्या वहीत लिहिलं गेलं, 'मुलगी, वय पाच, अंगठ्यावर भाजल्याची खूण.' तिथली आया मोठ्याने म्हणाली, "बापानेच डागलं असेल मेल्याने!" पोरीने ते ऐकलं. लहानपणीचं बाकी सगळं ती विसरली, पण हे वाक्य तिच्या मनात घर करून राहिलं. माझ्या पाठीवर पुठ्ठा चिकटवला, त्यावर नंबर टाकला आणि मला जेवणाच्या खोलीत टांगलं. मी रोज तिच्या ताटासमोर होते, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

लग्न होऊन ती निघाली तेव्हा मला तिच्यासोबत पाठवलं. तिने मला कपाटामागे सारलं. फेकलं नाही, पण पाहिलंही नाही. तिथे मी पंचावन्न वर्षं काढली. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले.

मग एकदा कपाट हलवताना तिच्या लेकीच्या हाताला मी लागले. लेक शिवणकाम करते, त्यामुळे कुठलीही वस्तू कशी बनली हे पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"आई, हे कुणी केलं गं?"

"ठेव ते जिथल्या तिथे. मला डागून टाकून दिलं, त्याची आठवण भिंतीवर कशाला?"

"अगं, पण टाकूनच द्यायचं होतं तर एवढं देखणं चित्र कशाला दिलं असतं?"

आता अठ्ठ्याहत्तरीला आलेली ही बाई, पण तो प्रश्न तिला पाच वर्षांच्या मुलीला बोचावा तसा बोचला.

लेकीने माझा शोध घ्यायचा चंगच बांधला. अनाथालयाच्या वहीत बापाचं नावच नव्हतं. संग्रहालयातल्या साहेबांनी मला भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "अशी ढिगाने बनायची. कारागीर कोण, काही सांगता येणार नाही." मला असा राग आला! शेवटी कुणीतरी लाकडावर भाजकाम करणाऱ्या एका कारागिराचा पत्ता दिला. आई "मी नाही येणार" म्हणत म्हणत सोबत आली आणि त्याच्या दुकानात मूठ आवळून स्टुलावर बसली.

कारागिराने संतांकडे बघितलं न बघितलं, मला पालथं घातलं. "हिची पाठ बघितली का कुणी?" असं म्हणत त्याने सुरीने अलगद पुठ्ठा सोडवला.

"हे बघा, ताई. हा मोठा हात, सळईचा ताव बघतोय. आणि ही शेजारची वाकडी रेघ पोराची. एक मोठी, एक छोटी. शिकवत होता तो." मग त्याचं बोट थांबलं. "ही रेघ बघा कशी सैरावैरा पळाली आहे. इथे चटका बसला. शिकाऊ सगळे हीच चूक करतात, काजळी अंगठ्याने पुसायला जातात." त्याने स्वतःचा अंगठा पुढे केला. त्यावर जुना पांढरा डाग होता.

आईने हळूहळू मूठ उघडली. तिचा डाग अगदी त्याच जागी होता.

"म्हणजे... त्याने नाही डागलं मला?"

"मावशी, डागलेलं पोर परत त्याच माणसाजवळ बसून रेघा ओढेल का? पळालेल्या रेघेच्या खाली बघा. त्याच पोराच्या अजून तीन वाकड्या रेघा आहेत."

आईने त्या पळालेल्या रेघेवर अंगठा ठेवला. "बाबा," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडू लागली. ज्याची मी सत्तर वर्षं वाट पाहिली, तो अंगठा माझ्या पाठीवर टेकला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्याचं नाव आजवर सापडलेलं नाही. लेक अजून शोधते आहे. म्हणून सांगते मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा पालथी घालून बघा, आणि तिच्याबद्दल कुणी काही म्हणालं तर लगेच खरं मानू नका.

आता मी त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. संत भिंतीकडे तोंड करून उभे आहेत आणि माझी पाठ खोलीकडे आहे. आले-गेले म्हणतात, "आजी, चित्र उलटं लागलंय."

आजी म्हणते, "नाही हो. इतकी वर्षं उलटं होतं."