वाकळीचा वास

बिट्टी फिस्कारली, माझ्या मनगटावर नखं ओढली आणि हंड्यामागं जाऊन बसली. मी अंगावरची वाकळ बाजूला सारली. शेजारच्या कलाबाई दारातून बघत होत्या.

"कामून चिडायलीय ओ ही?"

"काय म्हाईत. चार दिस झालं, जवळ येईना. नीट खाईना. काल वाकळीवर मुतली."

"वयात आलीय, बोका पायजेल तिला. न्हाईतर पंचशीलाअक्काची याद येतीय. मुक्या जिवाला कळतंय सगळं."

मला दुसरं कारण पटलं. पंचशीला, माझी बायको, जाऊन चार महिने झाले होते. बिट्टीला तिनंच जानेवारीत तुरीच्या गंजीजवळून पदरात घालून आणलं होतं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. बिट्टी पंचशीलाच्या वाकळीवर झोपायची. ती वाकळ मी धुतली नव्हती. आता माझ्याबरोबर आणखी कुणीतरी दुःख करतंय, असं वाटून मला बरं वाटत होतं. म्हणून मी चार दिवस काहीच केलं नाही.

पाचव्या दिवशी तिनं दुधालाही तोंड लावलं नाही. तिला झाकणाच्या टोपलीत घालून मी टमटमनं औरादला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शैलश्री तरुण होत्या. त्यांनी बिट्टीचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, तोंड उघडून दात पाहिले.

"आजार दिसत न्हाई. अप्पा, घरात नवीन काय आलंय?"

"नवीन काई न्हाई."

"तुम्हाला नवीन न्हाई. हिला?"

मी विचार केला. "थंडी पडली म्हणून ट्रंकेतली बायकोची वाकळ काढली. जुनीच हाय. दसऱ्याला घराला चुना दिला तवा ठेवली होती. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकल्या."

"किती?"

"पुडाच टाकला."

"अय्यो अप्पा! विष हाय ते मांजराला. दूर पळाली, बरं झालं. तीच वाकळ पांघरायलाव ना? मांजर माणसाला वासानं ओळखतंय. तिला तुम्ही कुणीतरी परकेच झालाव. तुम्हाला वास आला न्हाई?"

आला नव्हता. बावीस वर्षं मी संतपूरच्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतोय. नाक कधीच गेलं. शेजारी वरण करपलं तरी मला कळायचं नाही. पंचशीला म्हणायची, "तुमच्या नाकाला नळ लावा एखादा."

"वाकळ चांगली धुवा," डॉक्टर म्हणाल्या. "तीन-चार पाण्यांतून काढा. कडक उन्हात टाका."

"धुतली तर तिचा वास जाईल."

"गोळ्यांचा? जायलाच पायजे."

मी बिट्टीला घट्ट धरलं. त्यांनी बिट्टीला इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत खाल्लं नाही तर परत आणा म्हणाल्या.

घरी आल्यावर वाकळ बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो. तिच्यात पंचशीलाची सहा लुगडी होती, टाके तिच्या हातचे होते. हंड्यामागून बिट्टी बघत होती. तिच्या बरगड्या दिसत होत्या.

मी वाकळ टाकीवर नेली, व्हॉल्व्ह उघडला, साबण लावला. चार पाण्यांतून काढली. ओली वाकळ एकट्याला पिळवेना, तेव्हा कलाबाईंनी दुसरं टोक धरलं.

"अक्का असती तर म्हणाली असती, उशिरा का हुईना, धुतली," त्या म्हणाल्या.

दोन दिवस वाकळ भिंतीवर उन्हात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ती खाली अंथरली आणि लांब जाऊन बसलो. बिट्टी आली. कडेनं हुंगत फिरली. एकेका ठिगळाला नाक लावलं. मधल्या जांभळ्या ठिगळाजवळ थांबली, पुढच्या पायांनी ते ठिगळ कणकेसारखं बराच वेळ मळलं आणि तिथंच अंग मुडपून झोपली.

मी हळूच शेजारी आडवा झालो. तिला न हलवता त्या ठिगळाला नाक लावलं. जोरानं श्वास घेतला.

मला कसलाच वास आला नाही. मी तसाच पडून राहिलो.