चौदा मिलिमीटरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना पाइल आहे. जुना म्हणजे तीनच वर्षांचा. पण बारा मीटर जमिनीत गाडून घेतलं की वय लवकर चढतं! पाइल म्हणजे पुलाचं वजन पेलणारा काँक्रीटचा खांब. उमरग्याजवळच्या एका ओढ्याकाठी, काळ्या मातीत माझा जन्म झाला. पण माझ्यावर पूल नाही. मी फक्त परीक्षेपुरता. मला आडवं ढकलायचं, किती हलतो ते मोजायचं. बारा मिलिमीटरच्या वर गेलो तर नापास, आणि पुलाचं काम बंद. मग पलीकडच्या वस्तीतल्या पोरांचा आणखी एक पावसाळा शाळेविना जाणार होता.

इंजिनिअर निकिताताईंनी संगणकाला दोनशे पाइलांची माहिती शिकवली होती. कोण किती जाड, किती खोल, माती कसली, ढकलल्यावर कोण किती हललं. त्यावरून संगणकानं मला न बघताच सांगून टाकलं, "हा पाच मिलिमीटर हलेल." मला असा राग आला! नवरदेव न बघता लग्न ठरवावं, तसला प्रकार.

परीक्षेच्या दिवशी शेजारी दोन लोखंडी खुंटे ठोकून त्यांवर आडवा दांडा बसवला. दांड्यावर माझं हलणं मोजणारा काटा. उन्हानं दांडा तापू नये म्हणून वरनं आणि बाजूनं ताडपत्री. जॅकनं मला ढकललं आणि काट्यानं दाखवले चौदा!

ठेकेदार वीरप्पा ओरडले, "मॅडम, पाइल बी गेला अन् तुमचा कॉम्प्युटर बी गेला!"

अरे देवा! मी पाचच हललो होतो, पाच! पण मला तोंड कुठंय? एवढं बारा मीटर अंग, अन् एक शब्द निघेना. लई रडू आलं. निकिताताई उतरल्या चेहऱ्यानं तो आकडा संगणकाला शिकवायला बसल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठल्या आणि ताडपत्रीच्या मागं गेल्या.

तिथं पलीकडच्या खुंट्याला एक म्हैस बांधली होती. माशी बसली की ती मान झटकायची आणि दांडा सरकायचा. शेजारी तिची मालकीण मथुराबाई बसली होती.

"आजी, इथं म्हैस कुणी बांधली?"

"म्याच बांधली की! खुंटा रवलेला, वर सावली. आणि काय पायजे म्हशीला?"

"अहो, हिच्यापायी पूल थांबत होता."

"आगं बया! माझी नात करिश्मा त्याच पुलावरनं साळंला जाणार हाय!" म्हातारीनं घाईघाईनं दावं सोडलं आणि म्हशीला चार शिव्या हासडल्या. चूक म्हशीची नव्हती, पण कुणाला तरी बोलायला हवंच ना!

दांडा नीट बसवून मला पुन्हा ढकललं. पाच पूर्णांक दोन दशांश! वीरप्पा म्हणाले, "मी म्हणतच हुतो, पाइल लई पक्का हाय." यांना काय म्हणावं!

आता माझ्याकडं कुणी बघत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, एक मागणं आहे. कुणाला कच्चा ठरवण्याआधी चार पावलं चालून बघून या. निकिताताई उठल्या नसत्या, तर संगणक ते खोटं चौदा खरं मानून पुढच्या कितीतरी पाइलांना नापास करत सुटला असता.

रोज सकाळी करिश्मा दप्तर उडवत पुलावरनं पळते. पूल तसूभर हलत नाही.